दिव्यांग मुलांच्या हक्काची ४० मिनिटे

संपादक महोदय,

नवोदय विद्यालयाच्या सहावी प्रवेश परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात. दिव्यांग मुलांना ४० मिनिटे जादा मिळतात, पण प्रमाणपत्र असेल तरच. त्यामुळे पालकांनी युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र व ओळखपत्राचा, अर्ज चौथीतच भरावा. वैद्यकीय तपासणीची तारीख मिळण्यातच बरेच दिवस जातात.

खरी कसोटी ओएमआर पत्रिकेची, म्हणजे गोल भरून उत्तरे द्यायच्या उत्तरपत्रिकेची. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर ताबा नसणे) असलेल्या मुलाचा हात थरथरतो, बॉलपेन शेजारच्या गोलात जातो आणि येत असलेल्या उत्तराचा गुण जातो. एक ओळ चुकली, तर पुढची सगळी उत्तरे सरकतात. पत्रिकेच्या झेरॉक्सवर रोज दहा-पंधरा गोल भरून घ्यावेत. ओळीखाली पट्टी धरायला शिकवावे, पेनावर जाड रबरी पकड चढवावी. पाच प्रश्न झाले की लगेच गोल भरायचे, शेवटी एकदम नाही. सरावही पूर्ण १६० मिनिटांचा हवा, नाहीतर जादा वेळात मूल नुसते थकून बसते.

नागपूर जिल्ह्यातील केंद्रप्रमुखांना कळकळीची विनंती : अशा मुलांना तळमजल्यावरची खोली द्यावी आणि दोन तासांची घंटा झाली तरी त्यांची पत्रिका घेऊ नये, हे पर्यवेक्षकांना आधीच लेखी कळवावे.

– विशेष शिक्षक, नागपूर