हात पण माझा, तोंड पण माझं

मनू,

व्हॉट्सअॅपवर लिहायला बसलो आणि ते लांबतच चाललं, म्हणून हे वेगळं टाइप करतोय. सावकाश वाच आणि चुका काढू नको, चष्म्याचा नंबर बदलायचा राहिलाय. परवा तू विचारलंस ना, आई तुझं चित्र शाहू स्मारकच्या प्रदर्शनात लावू का, आणि मी "बघू की" म्हणून भडंग संपलं का ते विचारत बसलो. त्याचं उत्तर द्यायचंय. आणि दुसरं एक उत्तर पण राहिलंय, मला खुर्चीत बसवून ठेवलेलं तेव्हा तू विचारलेलंस, आई, आपण बाई आहे असं तुला पहिल्यांदा कधी वाटलं. तेव्हा मी म्हटलं हा काय प्रश्न झाला, मला कुकर लावायचाय.

आधी एक गंमत सांगतो. तुझी ती पहिल्यांदा घरी आलेली तेव्हा मी आतनं ओरडलो, "थांब गं, मी आलो!" तर ती बिचारी दाराकडं बघाय लागली कोण बाप्या आला म्हणून. मग हसून हसून म्हणाली काकू तुम्ही 'आलो' काय म्हणता. आता काय सांगणार, माझी आई 'मी जातो' म्हणायची, आज्जी पण म्हणायची, नऊवारी नेसून डोक्यावर पदर घेऊन म्हणायची. कोल्हापुरात बाई स्वतःबद्दल बोलताना बाप्यासारखीच बोलती आणि त्याचं इथं कुणाला काय वाटत नाही. तू केस बारीक करून आलीस तेव्हा मात्र अख्ख्या गल्लीला वाटलं.

तर ते चित्र. तीन दुपारी बसलो मी माडीवर, साधा गाऊन घालून. साडी नेसू का म्हटलं तर तू नको म्हणालीस, रोज घालतीस तेच घाल. मला वाटलेलं आधी तोंड काढशील, पप्पा तसंच करायचे, तोंड जमलं की बाकी कसं पण जमतंय म्हणायचे. तू सुरुवात केलीस पायापासनं. टाचेच्या भेगा, जोडवं घालून घालून बोटाला पडलेला खळगा, सगळं. मी पाय आत ओढून घेतला तर म्हणालीस राहू दे. मला तेव्हा अंबाबाईचा किरणोत्सव आठवला. पहिल्या दिवशी ऊन पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी तोंडावर, आणि मधे कुठली बिल्डिंग आडवी आली की तोंडापर्यंत पोचतच नाही. पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, हिचं पण तोंडापर्यंत काय येत नाही, सुट्टी संपेल.

दुसऱ्या दिवशी तू पोटाशी आलीस. सेहेचाळीसाव्या वर्षी माझी पिशवी काढली तेव्हा तू शिकायला बाहेर होतीस, तुला नीट कुणी सांगितलंच नाही. डॉक्टर म्हणाले, आता तिचा काय उपयोग आहे, काढून टाकू. तपासलं किती आणि घाई किती केली हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. आणि भेटायला आलेली एक बाई, नात्यातलीच, कॉटवर बसून सफरचंद कापता कापता म्हणाली, सुटलीस बघ, आता काय बाई न् काय बाप्या. सगळ्या हसल्या. मी पण हसलो, टाके ओढले. तर तू म्हणालीस हात जिथं ठेवावासा वाटतोय तिथं ठेव, आणि माझा हात आपोआप तिथंच गेला, आणि मग मला काय झालं ते तुला माहीतच आहे. तू ब्रश खाली ठेवलास आणि नुसती बसून राहिलीस. का रडतीस विचारलं नाहीस, पाणी आणायला पळाली नाहीस, "सोड गं आई" तर अजिबात नाही. तेव्हा मला कळलं तू पुण्यात काय काम करतीस ते. तोपर्यंत मी शेजारी सांगायचो, मनू आजारी बायकांना ड्रॉइंग शिकवती, आणि आर्ट थेरपी म्हटल्यावर ब्यूटी पार्लरचं कायतरी असंल असं समोरचीला वाटायचं. तू सांगितलेलंस, चित्र चांगलं की वाईट हे तिथं बघायचंच नसतं, त्याचा अर्थ पण आपण सांगायचा नसतो, काढणारीनंच सांगायचा. आणि त्या इंग्रज चित्रकाराचं, एड्रियन हिल, 1938 ला टीबी होऊन सॅनिटोरियममध्ये पडलेला, पडल्या पडल्या चित्रं काढाय लागला, मग शेजारच्या पेशंटना पण कामाला लावलं, आणि 1942 ला त्यानंच आर्ट थेरपी हे नाव दिलं. माझी मावशी मिरजेला टीबीसाठी महिनोन् महिने पडून होती, ती चादरीवर बोटानं रांगोळीचे ठिपके जोडत बसायची. आम्ही म्हणायचो डोक्यावर परिणाम झाला.

आता तुझ्या प्रश्नाचं. पहिल्यांदा बाजूला बसवलं तेव्हा नाही वाटलं मला बाई आहे असं, तेव्हा फक्त विटाळ वाटला. लग्नात तर झोपच एवढी आलेली. तू झालीस तेव्हा नर्सनं पहिलं "मुलगी" म्हणून सांगितलं आणि सासूबाईंच्या तोंडाकडं बघण्यातच सगळा वेळ गेला.

वाटलं ते वेगळ्याच ठिकाणी. लग्नाला दीड वर्ष झालेलं, तू पोटात पण नव्हतीस, पप्पांचं टॉकीजच्या बॅनरचं काम जोरात होतं. फ्लेक्स यायचा होता अजून. मांजरपाट ताणून, सफेदा मारून, फोटोवर चौकोन आखायचे आणि तेच चौकोन खडूच्या दोरीनं कापडावर मोठे करायचे. एकदा काय झालं, मुंबईवरनं आलेल्या फोटोत हिरॉइनचा हात मनगटातच कापलेला, आणि मालकाला हात पाहिजे, हिरोच्या खांद्यावर. पप्पांनी मला अंगणात उभी केली, खांद्याच्या ठिकाणी पिंप. संध्याकाळपर्यंत पिंपावर हात ठेवून उभारलो मी, बांगड्या घालून, मुंग्या आल्या. दोन दिवसांनी केएमटीतनं जाताना टॉकीजवर ते बॅनर दिसलं. हात दाराएवढा. माझी करंगळी थोडी वाकडी आहे की नाही, ती तशीच वाकडी होती, गुलाबी पिवळ्या लायटिंगमध्ये. त्याच्यावर तोंड दुसऱ्याच बाईचं. सगळी बस बघत होती आणि कुणाला माहीत नव्हतं, आणि मी खिडकीत बसून एवढा खूश, एवढा खूश, आणि कंडक्टरनं तिकीट विचारलं तर पैसे द्यायला तो हात वर काढवंना, पदराखाली धरून ठेवलेला. त्या दिवशी वाटलं गं मला. आणि त्याच दिवशी वाईट पण वाटलं, तोंड का नाही म्हणून. हे मी पप्पांना कधी बोललो नाही.

हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आहे बघ, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये, दिव्यावर हात धरलाय आणि बोटांतनं उजेड पाझरतोय, वॉटरकलर आहे ते सगळं. उभी होती ती त्यांची स्वतःची लेक. ती आपल्या कोल्हापुरात राहायची, शंभरी ओलांडून 2018 ला गेली. कॅलेंडरवर, डब्यावर, कुठं कुठं ते चित्र, आणि निम्मे लोक म्हणणार रविवर्म्याचं आहे. म्हणजे बापाचं नाव पण गेलं आणि लेकीचं तर कधी लागलंच नव्हतं. भाजीला जाताना लोक तिच्या शेजारनं गेले असतील, दहा रुपये कमी करा म्हणत, आणि घरी भिंतीवर तीच.

2018 म्हटल्यावर आठवलं, 6 सप्टेंबरला टीव्हीवर दिवसभर 377 चाललेलं, बाईनं बाईवर, बाप्यानं बाप्यावर प्रेम करणं गुन्हा नाही म्हणून कोर्टानं सांगितलेलं, आणि रात्री तुझा फोन आला, आणि तू सगळं एका दमात सांगितलंस, आणि मी विचारलं जेवलीस का. मला दुसरं काय सुचलंच नाही मनू. राग धरू नको, धरला असशील तर आता सोड. पुढच्या खेपेला तू भूपेन खख्खरचं चित्र मोबाईलवर दाखवलंस, 1981 चं, गच्चीवर एक बाप्या उघडाच उभारलाय आणि खाली बाप, लेक आणि गाढव. मी म्हटलं अगं ही तर आपली गोष्ट, लोक गाढवावर बसू देईनात आणि चालू पण देईनात. तुला जेवढं सांगायचं होतं तेवढं त्या गाढवानं सांगितलं मला. खख्खर पण हिशेबनीस होता म्हणालीस, ते मला बरं वाटलं. मी पतसंस्थेत वीस वर्षं नॉमिनीचा फॉर्म भरून घेतलाय, त्यात 'नाते' म्हणून एक रकाना असतो. 2023 ला कोर्टानं लग्नाला नाही म्हटलं त्या दिवशी मला तो रकानाच दिसत राहिला, तुम्ही दोघी त्यात काय लिहिणार म्हणून.

आणि शेजाऱ्यांचं म्हणशील तर, ओढ्यावरच्या रेणुकेच्या यात्रेला साडी नेसलेला जोगता डोक्यावर देवीचा जग घेऊन आला की ह्याच सगळ्या वाकून पाया पडतात. परडीत पीठ मीठ घालतात. चहा मात्र उंबऱ्याबाहेर. मी पण तसाच दिलाय इतकी वर्षं, खोटं कशाला बोलू.

तर चित्र लाव. पिशवीवरचा हात आहे तसाच ठेव, करंगळी वाकडीच पाहिजे. खाली माझं नाव घाल, पूर्ण, 'कलाकाराची आई' असलं काय नको. कुणी विचारलं तर मी स्वतः सांगायला येतो, गॅलरीत खुर्ची असली तर दिवसभर बसतो. तिला पण घेऊन ये, खाली बाहेरच्या खोलीत झोपवणार नाही ह्या वेळी, माडीवर दोन गाद्या घालतो.

पप्पांनी चित्र बघितलंय. तू गेल्यावर माडीवर जाऊन बराच वेळ उभारलेले. खाली येऊन म्हणाले, डाव्या गालाला लायटिंग चुकलंय तिचं. मग जेवताना म्हणाले फ्रेम मी करतो, सागवानाची पट्टी पडून आहे. माप पाठव म्हणालेत, इंचात पाठव, नाहीतर ते फुटात धरतील.

आई