वॉर्डाच्या वहीत काय लिहिशील

मार्दोळ, फोंडा

चि. शर्वाणी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी देवळात होते. आजूबाजूला माणसं, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. दोन दिवस तुझं म्हणणं मनात घोळतंय, म्हणून आज जेवणं आटोपल्यावर लिहायला बसले.

बरोबरीच्या मुली आयसीयूत गेल्या, व्हेंटिलेटर शिकताहेत, आणि तुला मानसोपचार वॉर्ड मिळाला. ‘इथं राहिले तर हात गंजेल गं आई, इथं शिकायला आहे काय?’ असं तू विचारलंस. त्यात काकूने सांगितलं म्हणे, सोयरिकीच्या ठिकाणी नुसतं नर्स म्हणा, वॉर्ड कुठला ते सांगू नका. काकूचा राग धरू नकोस, पण तिचं ऐकूही नकोस. वॉर्डाचं नाव ऐकून जे घर मागे सरतं, त्या घरात उद्या कुणाची झोप उडाली तर तेही ते लपवूनच ठेवतील. तसल्या घरात तू नसलेलीच बरी.

शिकायला काय आहे, याचं उत्तर देण्याआधी तुला एक गोष्ट सांगते. आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती.

1989 साल. गोव्याबाहेरच्या एका खाजगी इस्पितळात माझी पहिली नोकरी. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा रात्री आणला. फार आदळआपट करत होता, म्हणून हॅलोपेरिडॉलचं, म्हणजे भ्रम-खळबळ शांत करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं. पहाटे त्याची मान एका बाजूला पिळवटल्यासारखी वळली, डोळे वर चढले, जबडा आवळला. बोलता येईना, घशातून नुसता आवाज. आधीच्या पाळीच्या मुलीने मला जाताना सांगितलं होतं, हा लक्ष वेधून घेतो, फार जवळ जाऊ नकोस. मी वहीत लिहिलं, ‘पेशंट नाटक करतो’. आणि पुढच्या खाटेकडे गेले.

सकाळी मोठ्या सिस्टर आल्या. दारातूनच त्याच्याकडे बघितलं, कुणाला काही न विचारता डॉक्टरांना फोन लावला आणि त्यावर उतारा म्हणून फेनर्गनचं इंजेक्शन भरायला घेतलं. वीसेक मिनिटांत मान सरळ झाली. तो मुलगा पाणी प्याला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘सिस्टर, मी तुम्हालाच हाका मारत होतो.’

हॅलोपेरिडॉलने मान, जीभ, डोळे असे आखडतात, तरुण पुरुषांत जास्त, आणि सुरुवातीच्या दिवसांत. हे माझ्या पुस्तकात होतं. परीक्षेत ते लिहून मी मार्कही मिळवले होते. पण पहाटे चार वाजता माझ्या डोळ्यांसमोर ‘नाटक’ हा शब्द आडवा आला आणि त्याच्यामागचा माणूस मला दिसलाच नाही. सिस्टर ओरडल्या नाहीत. मी लिहिलेली ओळ त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावली, एवढंच.

नोकरीच्या तीस वर्षांत मी जे जे शिकले, त्यानं माझ्या वहीतला एकेक शब्द काढून घेतला, बाय. या वॉर्डातलं शिकणं मला तरी असंच दिसलं.

‘नेहमीचंच’ हा दुसरा शब्द. मासे विकणारी एक बाई लिथियमवर, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधावर होती, कित्येक वर्षं छान सांभाळलेली. मे महिन्यात तपासणीला आली. हात थरथरत होते. लिथियमने हात थोडे थरथरतातच, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मी तिला चहा दिला, तर अर्धा चहा बशीत आला. आधीच्या महिन्यात तिनेच कपाचा कान धरून, एक थेंब न सांडता चहा घेतला होता, ते मला आठवत होतं. शेजारी बसून विचारलं. दोन दिवस पोट बिघडलेलं, दिवसभर उन्हात घामाघूम, आणि गुडघे दुखतात म्हणून फार्मसीतून ब्रुफेन आणून खात होती. अंगातलं पाणी गेलं आणि त्यावर ही गोळी पडली की लिथियम रक्तात साचतं. एरवी लिटरला 0.6 ते 1.0 मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास ठेवतात, 1.5 च्या वर गेलं की विषासारखं काम करतं. त्याच दिवशी रक्त तपासलं आणि बाई वाचली. यात कुठलं यंत्र नव्हतं. एक कप होता आणि मागच्या महिन्याची आठवण होती.

तेव्हा हात गंजायची भीती काढून टाक. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं लवकर जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातली बरीचशी हृदय, साखर, फुप्फुसं अशा शरीराच्याच दुखण्यांनी जातात. का? तर पोटात दुखतं म्हणून सांगितलं की आपण ‘भ्रम’ लिहून मोकळे होतो. क्लोझापिन या भ्रम-भासांवरच्या औषधावर असलेल्या माणसाला चार दिवस शौचाला झालेलं नसणं ही धावपळ करायची गोष्ट आहे, हे किती जणींना माहीत असतं? वजन, कंबर, साखर, बीपी, पांढऱ्या पेशी, सगळं तुलाच बघायचं आहे. आणि आपल्या गोव्यात दारूमुळे सर्जरीच्या वॉर्डातूनही तुला बोलावणं येईल. हाड मोडून आलेला माणूस, दारू एकदम बंद झाल्यामुळे, तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दाखवायला लागला की तिथल्या मुली घाबरतात. ग्लुकोज लावायच्या आधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, गेलं का, हे विचारणारी तू असशील.

‘बांधून ठेवले’ हा शब्द माझ्या हातून फार उशिरा गेला. आमच्या काळात रात्रीच्या पाळीला चाळीस पेशंटना दोघी असायचो, आणि सुती पट्टे टेबलाच्या खणातच असायचे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याचं 97 वं कलम तू स्वतः वाच, कुणी सांगितलेलं ऐकू नकोस. एकटं कोंडायचं नाही. बांधायचं झालं तर समोर उभा असलेला धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरतंच. शिक्षा म्हणून कधीच नाही. आणि पुढचं वाक्य वाचताना मी थांबले होते: कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणासाठी बांधता येणार नाही. आम्ही नेमकं तेच कारण देत आलो होतो. प्रत्येक वेळी पेशंटने नेमलेल्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचं असतं. कागद वाढतो म्हणून पोरी कुरकुरतात, पण त्या कागदावर कारण लिहावं लागतं म्हणूनच हात थबकतो.

माणसं कमी आहेत हे खरंच आहे, आणि त्यासाठी भांडायलाही हवं. पण बांधण्याच्या आधी करण्यासारखं पुष्कळ असतं. लंडनच्या लेन बॉवर्स यांनी ‘सेफवॉर्ड्स’ नावाची पद्धत बसवली, दहा साध्या गोष्टींची. नकार सौम्य शब्दांत द्यायचा, वाईट बातमी आलेल्या पेशंटपाशी आधीच जाऊन बसायचं, घरी जाणाऱ्याने नव्या येणाऱ्यांसाठी चार ओळी लिहून भिंतीवर लावायच्या. 2015 मध्ये चाचणीचे आकडे आले तेव्हा भांडणतंटे 15 टक्क्यांनी आणि बांधणं-कोंडणं-जबरदस्तीने औषध देणं 26.4 टक्क्यांनी कमी झालेलं होतं. त्या भिंतीवरच्या ओळींचं मला फार वाटतं. तुझ्या वॉर्डात सुरू करायला एक पुठ्ठा आणि चार टाचण्या पुरतील.

‘बोलत नाही’ असं लिहिण्याआधी कुठल्या भाषेत विचारलं ते आठव. डॉक्टर इंग्रजीत विचारतात, तू मराठी-हिंदीत, आणि काणकोणची म्हातारी कोंकणीत गप्प. तिला ‘न्हीद येता मगे?’, झोप येते ना, एवढंच विचारून बघ. आपल्याकडे उदास आहे असं कुणी म्हणत नाही, ‘टेन्शन’ म्हणतात, नाहीतर छातीत धडधडतं, डोकं जड होतं असं सांगतात. पर्वरीच्या संगाथ संस्थेने हेच ओळखून गावच्या साध्या माणसांना समुपदेशन शिकवलं, गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ बैठका घेतल्या, आणि 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. तीन महिन्यांनी त्या गटातले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले 39 टक्के. जगभर त्याचा दाखला देतात आणि आपल्याच मुलींना ते ठाऊक नसतं. आणि हो, घरचे आधी देवाला प्रसाद लावून, म्हणजे कौल मागून, घाडीकडे, म्हणजे देवरुषाकडे, जाऊन आलेले असतील. त्यावर तोंड वाकडं करू नकोस. काय कौल मिळाला ते विचार. देवानेच ‘इस्पितळात ने’ असं सांगितलेलीही घरं मी पाहिली आहेत, आणि ती औषधं कधी चुकवत नाहीत.

मरायचा विचार येतो का, हे सरळ विचारायला शीक. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्याने धरलेलं ओझं ठेवायला जागा मिळते. नव्या कायद्याने अशा माणसाला आधी तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानलंय, त्यामुळे ‘पोलीस येतील’ म्हणून घरचे खोटं सांगत असतील तर त्यांना हे समजावून सांग. आणि डिस्चार्जच्या कागदावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तुझ्या हाताने, मोठ्या अक्षरात लिही.

पुढच्या शिक्षणाचं म्हणशील तर बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत मानसोपचार नर्सिंगचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. एमएस्सीपेक्षा आधी तो कर, असं माझं मत आहे, कारण तो खाटेपाशी शिकवतात. परदेशी जायचं ठरवलंस तरी वाया जाणार नाही. ब्रिटनमध्ये तर मानसिक आरोग्य ही नर्सिंगची वेगळी नोंदणीची शाखाच आहे. पैशांची काळजी करू नकोस, बाबांशी बोलले आहे.

एक मात्र मला वचन दे. ज्या दिवशी शिवी ऐकशील, थप्पड खाशील किंवा तुझ्या पाळीत काही वाईट घडेल, त्या दिवशी खोलीवर एकटी जाऊ नकोस. कुणा मोठ्या सिस्टरपाशी बसून सगळं बोल, नाहीतर मला फोन कर, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. आम्ही हे कधी केलं नाही आणि आमच्यातल्या दोघीजणी नोकरी सोडून गेल्या. चांगल्या होत्या, माझ्यापेक्षा चांगल्या.

चतुर्थीला ड्युटी लागली तर वाईट वाटून घेऊ नकोस. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला काकाची मुलं आहेत. बाबांबरोबर नेवऱ्यांचा डबा पाठवते, दोन डझन जास्त करीन. ज्यांच्या घरून सणालाही कुणी येत नाही त्यांना पहिल्यांदा दे. क्लोझापिन आणि ओलॅन्झापिनवर जे आहेत त्यांच्या साखरेचे आकडे आधी बघून घे. ज्यांना गोड चालणार नाही त्यांच्यासाठी वेगळ्या पुडीत चकल्या बांधीन.

तुझी,
आई