दूत अवध्य असतो

पेडणे, गोवा

चि. सोहम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

चवथीच्या सुट्टीत आपण दोघांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिसऱ्या चित्रपटाची लांब आवृत्ती पाहिली, तेव्हा काळ्या दरवाजापुढे होऊ घातलेल्या राजाने, ॲरागॉर्नने, शत्रूच्या दूताचे डोके एका घावात उडवले आणि तू टाळी वाजवलीस. मी काही बोलले नाही, कारण क्षणभर मलाही बरे वाटले होते. दशावतारात पहाटे तीनला युद्धाची झांज सुरू झाली की मांडीवर झोपलेली पोरे खडबडून उठतात, तसेच ते. तू गेल्यावर मात्र तुझ्या कपाटातले ते जाडजूड पुस्तक मी काढले आणि शब्दकोश जवळ ठेवून नेटाने संपवले. त्यात ते डोके उडतच नाही.

पुस्तकातला ॲरागॉर्न शस्त्राला हात लावत नाही, केवळ रोखून पाहतो. तेवढ्याने तो दूत बिचकतो, मी दूत आहे, माझ्यावर हल्ला करता येणार नाही, असे ओरडतो. आणि तुझे काम संपेपर्यंत तुला आमच्याकडून भय नाही, असे जादूगार गँडाल्फ त्याला बजावतो. दूत अवध्य असतो हे बिभीषणाने सांगितल्यावर रावणानेसुद्धा मारुतीचा जीव घेतला नाही, शेपटीवरच भागवले. जो नियम लंकेच्या दरबारात टिकला, तो पडद्यावरच्या धर्मराजाला पाळता आला नाही, याचे मला अजून आश्चर्य वाटते. २००३ साली चित्रपटगृहांत दाखवलेल्या आवृत्तीत हा प्रसंग नव्हता, म्हणजे त्याच्यावाचून कथा अडत नव्हती.

दिग्दर्शकाला दया कळत नाही, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या चित्रपटात संतापलेल्या थिओडन राजाचा हात ॲरागॉर्नच धरतो आणि राजाचा फितूर सल्लागार वर्मटंग वाचतो. पण शेवटाकडे येताना पुस्तकातला आवरलेला हात चित्रपटात सुटत गेला आहे. पुस्तकात अंगठीच्या लोभाने पछाडलेला गॉलम शत्रूची ती अंगठी मिळाल्याच्या आनंदात नाचता नाचता स्वतःच तोल जाऊन अंगठीसह अग्नीच्या दरीत पडतो आणि ती नष्ट होते. चित्रपटात अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो त्याच्यावर झडप घालतो आणि झटापटीत तो कोसळतो. आधी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोने एकदा, फ्रोडोने आणि त्याच्या सोबत्याने, सॅमने, पुढे, त्याला जिवंत सोडले म्हणून शेवटी जग वाचले, हा त्या गोष्टीचा कणा. त्या जागी झटापट आली की जग ताकदीने वाचल्यासारखे दिसते.

तू म्हणशील, आई, दया दाखवली आणि तिचे फळ मिळाले, दोन्हीकडे हिशेब तोच. इथेच माझे तुझ्याशी पटणार नाही. गॉलमचे उदाहरण देऊन दयेची बाजू मांडणे मला अपुरे वाटते, कारण मग दया म्हणजे मुदत ठेव होते, आज टाकली आणि उद्या व्याजासह काढली. त्याच पुस्तकाच्या अखेरीस फ्रोडो घरी परततो, तेव्हा गाव नासवणारा सारुमान त्याच्या अंगावर सुरी चालवतो. आतल्या चिलखतावर सुरी मोडते, सॅम तलवार उपसतो आणि फ्रोडो त्याला थांबवतो, या माणसाला मारू नका, म्हणतो. त्यातून काय हाती लागते? सारुमान उपकार मानत नाही, उलट चिडतो, आणि काही क्षणांत स्वतःच्याच चाकराच्या सुरीने मरतो. त्या दयेने कोणीही वाचत नाही. तरी फ्रोडोचा निर्णय चुकला असे वाचताना एकदाही वाटत नाही. हे सबंध प्रकरण चित्रपटातून गाळलेले आहे.

पण परक्यांना नावे ठेवताना आपल्या वाड्यावरचा नरकासुरही आठवावा. दोन मजली नरकासुर आणि त्याच्यासमोर हातभर कृष्ण, पहाटे वध, मग घरी येऊन अंगठ्याखाली कारीट फोडायचे आणि फोव खायचे, इथे आपली कथा संपते. भागवतात ती पुढे जाते. वधानंतर भूमी नरकासुराच्या भेदरलेल्या मुलाला, भगदत्ताला, कृष्णाच्या पायांशी आणते, याच्या डोक्यावर हात ठेव म्हणते, आणि कृष्ण त्याला अभय देतो. हाच भगदत्त महाभारतात कौरवांच्या बाजूने हत्तीवर बसून येतो आणि अर्जुनावर वैष्णवास्त्र सोडतो. ते कृष्णाला स्वतःच्या छातीवर झेलावे लागते. वाचवलेल्या पोराचे अस्त्र वाचवणाऱ्याच्याच अंगावर आले. पण त्या दिवशी अभय द्यायला नको होते, असा शब्द कृष्णाच्या तोंडी कुठे मला आढळला नाही.

वाड्यावरच्या मुलांनी यंदाच्या नरकासुराचा सांगाडा बांधायला घेतला आहे. कृष्णाच्या पायांशी एक लहान मूल बसवा, असे मी त्यांना सुचवून पाहिले. त्याने गुण वाढतील का, असे त्यांनी विचारले. बक्षिसाचे परीक्षक फार तर डोळे फिरणारा नरकासुर पाहतात, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. तू चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पोहोचशील, तेव्हा त्यांच्याशी तूच बोल. तुझे ते ऐकतात.

तुझी,
आई