गूळ लाल, साखर निळीच

महोदय,

‘साखर सोडा, गूळ खा’ हा सल्ला मधुमेही मंडळींना सर्रास दिला जातो. पण गुळाचाही मोठा भाग सुक्रोजच, म्हणजे आपली साखरच. सुक्रोज ही द्विशर्करा, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या एकशर्करांची जोडी. ३४२ ग्रॅम सुक्रोज १८ ग्रॅम पाणी घेऊन फुटले की १८० ग्रॅम ग्लुकोज आणि तितकेच फ्रुक्टोज हाती येते. लहान आतड्यातले सुक्रेज विकर हेच काम करते. सुक्रोज पांढऱ्या दाण्यातून आले की गुळाच्या ढेपेतून, याने त्याला काही फरक पडत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र नेमका उलटा समज होऊ शकतो. गुळाच्या पाण्यात तितकेच बेनेडिक्टचे द्रावण (क्रियाशील टोक मोकळे असलेली साखर ओळखणारे निळे द्रावण) घालून परीक्षानळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे धरली की विटकरी गाळ दिसतो. साखरेचे पाणी निळेच राहते. मुलांनी यावरून काय समजायचे? ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची क्रियाशील टोके सुक्रोजमध्ये एकमेकांत अडकलेली असतात, म्हणून ते बेनेडिक्टला दाद देत नाही. गुळात आधीच फुटलेली थोडी साखर असते, लाल रंग तिचा. ऊस तोडून पडून राहिला की हे फुटणे वाढते. मग गूळ नीट बसत नाही आणि पावसाळ्यात पाघळतो. दुधातल्या लॅक्टोजचे एक टोक मोकळे असते, म्हणून द्विशर्करा असूनही ते लाल गाळ देते.

म्हणून शिक्षकांना आग्रहाची विनंती आहे, प्रयोग निळ्या रंगावर थांबवू नका. साखरेच्या २ मिलि पाण्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार-पाच थेंब घाला, नळी पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा आणि गार करा. मग चिमूट चिमूट खायचा सोडा घाला, फसफस पूर्ण थांबेपर्यंत. बहुतेक वेळा चुकते ते इथे. बेनेडिक्टला अल्कधर्मी द्रावण लागते. आम्ल उरले तर साखर फुटलेली असूनही रंग निळाच राहतो आणि ‘प्रयोग फसला’ अशी नोंद होते. सोडा पुरेसा पडला की आधीसारखेच बेनेडिक्टचे द्रावण घालून नळी उकळत्या पाण्यात धरा, त्याच साखरेतून विटकरी गाळ खाली बसतो. शेजारी नुसते पाणी, आम्ल आणि सोडा अशी एक नळी याच रीतीने तयार करून ठेवावी. ती निळीच राहिली पाहिजे.

– रसायनशास्त्राचा एक शिक्षक