चिमटा कोणता होता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चुंबकाला दाद न देणारे स्ट्रॉन्शियम टायटनेट हे ऑक्साइड साध्या खोलीच्या तापमानाला चुंबकासारखे वागले आणि त्याचे कारण स्फटिकातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा, ही बातमी आपल्या विज्ञान पानावर वाचली. असेलही तसे. पण मी आयुष्यभर एका विद्यापीठात मॅग्नेटोमीटर, म्हणजे पदार्थाचे चुंबकत्व मोजणारे यंत्र, चालवला. त्यामुळे माझा पहिला प्रश्न असा, की भुकटी दाबून केलेली नमुन्याची गोळी उचलताना चिमटा कोणता वापरला होता?

लोखंडाचा एक मायक्रोग्रॅमचा कण जेमतेम ०.०५ मिलिमीटर जाडीचा. डोळ्याला दिसला तर दिसला. मॅग्नेटोमीटरला मात्र तो ठळक दिसतो, आणि या पदार्थांत सांगितले जाणारे चुंबकत्व बहुतेकदा असेच इवलेसे असते. स्टीलच्या बॉल मिलमध्ये भुकटी दळली, स्टीलच्या डायमध्ये गोळी दाबली, की लोखंड आत गेलेच म्हणून समजा. २००४ साली डब्लिनच्या संशोधकांनी हाफ्नियम ऑक्साइडच्या पातळ थरांत चुंबकत्व सापडल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी दाखवून दिले, की थर स्टीलच्या चिमट्याने हाताळला तर तसाच संकेत मिळतो.

म्हणून रिकाम्या जागांसारखे स्फटिकातले दोष म्हणजे सगळी घाणच, असे नव्हे. लँथॅनम मँगनाइट हे लँथॅनम आणि मँगनीजचे ऑक्साइड घ्या. शुद्ध आणि नेमक्या प्रमाणात केले, तर त्यातल्या शेजारशेजारच्या थरांचे चुंबकत्व उलटसुलट राहून एकमेकांना खोडते. तेच हवेत भाजले, की धातूच्या काही जागा रिकाम्या राहतात, थोड्या मँगनीजचा भार तीनवरून चारवर जातो आणि थंड केल्यावर पदार्थ खरोखर चुंबक होतो. लँथॅनमच्या ३० टक्के जागी स्ट्रॉन्शियम घातले, तर हे चुंबकत्व सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. फिलिप्सच्या प्रयोगशाळेतील योंकर आणि व्हान सांतेन यांनी १९५० सालीच अशा मिश्रणांवर लिहिले. इथे ‘भेसळ’ मोजूनमापून घातलेली असते, आणि ती वाढवली-कमी केली की चुंबकत्वही हिशेबाने बदलते. चिमट्याचे लोखंड असा हिशेब देत नाही. एका गोळीत सापडते, त्याच घाण्यातल्या दुसरीत नाही.

ओळखायच्या खुणाही आहेत. तापमान उतरवत नेताना १२० केल्विनच्या (सुमारे उणे १५३ अंश सेल्सिअस) आसपास चुंबकत्वाचा आलेख अडखळला, तर मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडचा, संशय घ्यावा. मँगनीजच्या पदार्थात ४२ केल्विनला वळण आले, तर मँगनीजचेच दुसरे ऑक्साइड शिल्लक राहिले आहे का, ते तपासावे. एक्स-रेच्या आलेखात इतकी थोडी भेसळ दिसतच नाही, म्हणून ‘एक्स-रेनुसार नमुना शुद्ध आहे’ या वाक्यावर विसंबू नये.

आमच्याकडे लाखोंचे यंत्र येई, पण अगेट या कठीण दगडाचा वेगळा खल नि प्लॅस्टिकचे चिमटे मागितले, की कागद टेबलाटेबलावरून फिरत राही. अजूनही फारसे वेगळे असेल असे वाटत नाही.

बातमीतल्या संशोधकांकडे नमुना ठेवायच्या रिकाम्या होल्डरचा आणि न भाजलेल्या भुकटीचा आलेख असेल, तर तो मागवून आपण त्याच पानावर छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त तंत्रसहायक, कोल्हापूर