सोन्या, तुझ्या ओव्हर्स मोजणार कोण?

प्रिय सोन्या,

फोनवर तू नुसता "हो गं, बघतो" म्हणतोस आणि विषय बदलतोस म्हणून लिहून पाठवतेय. एका दमात वाचलं नाहीस तरी चालेल, पण पूर्ण वाच. तू अंडर-१५ चा फास्ट बोलर, आणि आपल्या क्रिकेट क्लबच्या अंडर-१७ च्या सरांनी पुढच्या सीझनला तुला रेग्युलर घ्यायचं म्हणून विचारलंय हे मला बाबांकडून कळलं, आणि तू मनातल्या मनात हो म्हणून मोकळा झालायस हे मला कोणी सांगायची गरज नाही. मी नाही म्हणायला बसलेली नाहीये. पण यावर्षी क्लबच्या चारही ज्युनियर गटांची स्कोअरबुकं माझ्याकडे होती, आता वार्षिक रिपोर्टसाठी ती सगळी एकत्र उघडून बसलेय, आणि त्यात जे दिसतंय ते एकाही कोचला दिसलेलं नाही, कारण प्रत्येकाकडे आपापलंच पुस्तक असतं.

छोट्यांचं आधी सांगून टाकते. अंडर-११ ची पोरं हरली जास्त, जिंकली कमी आणि त्यांना त्याचं काहीही पडलेलं नाही. त्यांची ती जोडीवाली पद्धत आहे ना, टीम २०० रनांवर सुरू होते, प्रत्येक जोडीला ठरलेल्या ओव्हर्स खेळायच्या, आऊट झालं की पाच रन वजा पण बॅटिंग चालूच. एका पठ्ठ्याने एकाच ओव्हरमध्ये तीनदा विकेट दिली आणि तिन्ही वेळा अंपायरकडे बघून हसला. पालकच जास्त तापतात बाउंड्रीवर. मला विचारशील तर सगळ्यात चांगलं क्रिकेट तिथेच चाललंय, सगळ्यांना बॅटिंग मिळते, सगळ्यांना बोलिंग मिळते, आणि एकटा दादा पोरगा अख्खी मॅच खाऊन टाकत नाही.

अंडर-१३ चं मात्र नीट ऐक कारण त्यात तुझा संबंध आहे. ते लीगमध्ये दुसरे आले, आणि त्यांचा तो लेगस्पिनर, बुटका, शर्ट कायम बाहेर असलेला, त्याने पहिल्या निम्म्या सीझनमध्ये नुसती कत्तल केली. समोरच्यांना कळायचंच नाही बॉल कुठे वळतोय. मग काय, अंडर-१५ ला एक जण कमी पडला तेव्हा त्याला वर पाठवला. तू होतास त्या मॅचला, आठवतंय का, पहिले दोन बॉल दोन टप्पे पडून गेले, तिसरा फुलटॉस, आणि त्या उंच ओपनरने त्याला जे मारलं ते अजून सापडलेलं नाही. पोरगं वाईट नव्हतं रे. आपल्या लीगमध्ये अंडर-१३ चं पिच वीस यार्डांचं आणि बॉल १३५ ग्रॅमचा, आणि तुमच्याकडे आलं की एकदम पूर्ण बावीस यार्ड आणि १५६ ग्रॅमच्या वरचा बॉल. मोठ्या माणसाला ते वीस ग्रॅम काहीच वाटत नाहीत, पण त्याच्या बोटांत तो बॉल धड मावत नव्हता. परत खाली आल्यावर त्याला पुढच्या तीन मॅच लेंथच सापडेना, कारण तो हात आता जोरात फेकायला शिकला होता. त्याच्या कोचने शांतपणे स्टंपसमोर एक रुमाल टाकून त्याला रोज त्यावर बॉल टाकायला लावला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आणि हो, ते जन्मतारखेचं. वयोगटाची कट-ऑफ १ सप्टेंबर, म्हणजे सप्टेंबरात जन्मलेलं पोर आणि पुढच्या ऑगस्टमधलं पोर एकाच गटात, मध्ये जवळजवळ पूर्ण वर्षाचा फरक. तू ऑगस्टवाला. अंडर-१३ ला तुला कोणी निवडलं नाही तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास, मी तेव्हाही म्हणाले होते की निवडलेल्या पोरांच्या तारखा बघ, जवळपास सगळे सप्टेंबर ते डिसेंबरवाले निघाले. त्यांना मिशा फुटायला लागल्या होत्या आणि तुझा आवाजसुद्धा फुटला नव्हता. आता तू एका वर्षात एवढा उंच झालास की पँट घोट्याच्या वर गेली, बॉल अचानक पोरांच्या छातीवर यायला लागला, आणि आता सगळ्यांना तू हवायस. चांगलंच आहे, पण उंची वाढली म्हणजे हाडं तयार झाली असं नसतं, उलट तेव्हाच ती सगळ्यात कच्ची असतात.

आता मुद्द्यावर येते. सीझनच्या मधले ते तीन आठवडे.

अंडर-१७ चे दोन फास्ट बोलर परीक्षेमुळे गेले आणि तू शनिवारी त्यांच्याकडून, रविवारी आपल्याकडून असं खेळायला लागलास. अंडर-१५ च्या पुस्तकात तुझ्या ओव्हर्स १२, ११, ११. म्हणजे ३४. तुझे सर बघतात, दिवसाला बारा, नियमात आहे, छान. अंडर-१७ च्या पुस्तकात शनिवारच्या ८, ९, ७ आणि मध्ये बुधवारी ट्वेंटी-ट्वेंटीत ४, म्हणजे २८. त्यांचे सर बघतात, सतरा वर्षांच्या पोरांसाठी काय दिवसाला अठरा चालतात, हा तर निम्म्यावरच आहे, छान. दोघेही खोटं बोलत नाहीत. पण सोन्या बेरीज ६२ होते, आणि ती कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नाही. वर मंगळवार-गुरुवारचे नेट्स, ते तर कोणी मोजतच नाही, तिथे तू मजेत किती टाकतोस देव जाणे.

आपल्या क्लबने इंग्लंडच्या बोर्डाचे आकडे घेतलेत, चौदा-पंधरा वर्षांच्या फास्ट बोलरला एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, सहा ओव्हर आणि दिवसाला बारा, सोळा-सतराला सात आणि अठरा, सलग दोन दिवसांच्या वर बोलिंग नाही आणि आठवड्यात चार दिवसांच्या वर नाही. ही लिमिट मॅचच्या गटावर नसते, बोलरच्या वयावर असते. तू अंडर-१७ च्या मॅचमध्ये उतरलास म्हणून सतरा वर्षांचा होत नाहीस! त्या दुसऱ्या शनिवारी तुझी सहावी ओव्हर झाली, मी पुस्तकात ती बंद केली, आणि बघते तर कॅप्टन परत तुझ्याकडे बॉल टाकतोय. मी पाणी घेऊन जाणाऱ्या पोराबरोबर सरांना निरोप पाठवला, तर उत्तर आलं की मॅडम एक-दोन ओव्हरने काय होतंय, विकेट हवीय. सलग नऊ टाकल्यास तू. आणि तूच खूश होतास, ते मला जास्त लागलं.

काय होतंय ते वाइडच्या कॉलममध्ये दिसतं. त्याआधीच्या सहा मॅचमध्ये अंडर-१५ साठी तुझे वाइड मिळून ९, आणि त्या तीन रविवारी १७. बहुतेक लेग साइडला. दमलेला बोलर डावीकडे कलंडतो, डोकं पडतं, बॉल लेगला जातो, कीपर डाइव्ह मारमारून वैतागतो (तुमची कीपर मला म्हणाली, काकू त्याला सांगा ना सरळ टाकायला, माझे कोपर गेले). तिसऱ्या रविवारी संध्याकाळी तू सोफ्यावरून उठताना कमरेला डाव्या बाजूला हात लावलास. कोणाला दिसला नसेल, मला दिसला. फिजिओने तुला डाव्या पायावर उभं करून मागे वाकायला लावलं ना, ते उगाच नाही. उजव्या हाताने फास्ट टाकणाऱ्याच्या पाठीच्या खालच्या मणक्यांना बारीक चीर जाते ती बहुतेक वेळा डाव्या बाजूला, आणि ती एका दिवसात नाही जात, हळूहळू जाते, रोज थोडी थोडी. तुझं नुसतं स्नायूंवर निभावलं, दोन आठवड्यांची सुट्टी आणि सुटलास.

आता तू म्हणशील सचिन सोळाव्या वर्षी टेस्ट खेळला. मला माहितीय तू हेच म्हणणार आहेस, बाबांनी पण हेच म्हटलं. अरे तो बॅट्समन. वैभव सूर्यवंशीने २०२५ मध्ये चौदाव्या वर्षी आयपीएलमध्ये सेंच्युरी मारली, ३५ बॉलमध्ये, तोही बॅट्समन. सचिनने १९८९ ला कराचीत पदार्पण केलं त्याच टेस्टमध्ये समोरून आणखी एका पोरगेल्या खेळाडूचं पदार्पण होतं, वकार युनूस. फास्ट बोलर. तो १९९२ चा वर्ल्ड कप खेळू शकला नाही, पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे, आणि पाकिस्तान तो वर्ल्ड कप त्याच्याशिवाय जिंकलं. आणि तुझा लाडका पॅट कमिन्स, २०११ मध्ये अठराव्या वर्षी जोहान्सबर्गला पहिली टेस्ट, दुसऱ्या इनिंगला सहा विकेट, मॅन ऑफ द मॅच, वर विनिंग रन पण त्याचेच. त्यानंतरची त्याची दुसरी टेस्ट कधी? २०१७, रांचीत. मधली पाच वर्षं तो पुन्हा पुन्हा पाठ धरून बसला होता. आणि त्याच्यामागे तर अख्खं बोर्ड, डॉक्टर, फिजिओ सगळे होते. तुझ्यामागे मी आणि माझी पेन्सिल.

अंडर-१७ ची सेमीफायनल तू सुट्टीवर गेल्यामुळे बघितली नाहीस म्हणून सांगते, आणि त्यावरून तुला कळेल की तिथे नेमकं काय कमी आहे. समोरच्यांनी ४० ओव्हरमध्ये १६८ केले, म्हणजे ४.२ चा रेट. आपले १८ ओव्हरमध्ये २ बाद ८१, म्हणजे साडेचारचा, आरामात पुढे. आणि पाऊस. लीगचा नियम की दुसऱ्या इनिंगला निदान २० ओव्हर झाल्या तरच रेट बघायचा, नाहीतर मॅच रद्द आणि लीगच्या पॉइंट टेबलमध्ये जो वर तो फायनलला. ते वर होते. दोन ओव्हर, फक्त दोन! आणि आपल्या ओपनरने ढग डोक्यावर आलेले असताना दोनदा ग्लोव्ह्ज बदलले, एकदा हेल्मेटची पट्टी नीट केली, नॉन-स्ट्रायकरशी पिचच्या मधोमध गप्पा मारल्या. मी स्कोअररच्या टेबलावरून ओरडणार होते पण तिथे समोरच्यांच्या स्कोअरर बाई बसल्या होत्या, फार सभ्य, त्यांच्यासमोर कसं ओरडायचं. तर त्या टीमला बोलर नाहीत एवढाच प्रॉब्लेम नाहीये. ते तुला घेतायत कारण तू चांगला आहेस, ते आहेच, माझा लेक आहेस, पण ते तुला घेतायत कारण त्यांच्याकडे दुसरं कोणी नाही, हेही तितकंच खरं, आणि ज्या टीमकडे दुसरं कोणी नसतं ती टीम सातवी ओव्हर मागतेच.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. वर खेळायचं असेल तर खेळ, तिथल्या बॅट्समनना टाकून तू सुधारशील यात वाद नाही, पण बोलिंग एकाच गटात. अंडर-१७ मध्ये टाकणार असशील तर त्या आठवड्यात अंडर-१५ ला नुसती बॅटिंग आणि पॉइंटला फिल्डिंग, तुझा थ्रो चांगला आहे. उलटं हवं असेल तर उलटं. आणि लिमिट तुझ्या वयाची, सहा आणि बारा, दोन्ही सरांनी माझ्यासमोर एकत्र बसून मान्य केलेली. तू एकटा जाऊन "चालेल सर" म्हणून येणार नाहीस. नेट्सचे बॉल तू मोजायचे आणि मला रात्री मेसेज करायचा, नुसता आकडा, बाकी काही नको. मी एक वेगळं पान केलंय, वर तुझं नाव आणि खाली आठवडे, त्यात दोन्ही पुस्तकांतलं आणि नेट्सचं सगळं एका जागी येईल. अंडर-१५ च्या सरांना मी हे दाखवलं तर ते म्हणाले बाकीच्या तीन पोरांचं पण करा, म्हणजे आता तेही आलं माझ्या गळ्यात.

अंडर-१७ च्या सरांचा आणि माझा त्या ओव्हर्सवरून जो वाद झाला त्याबद्दल तू लाजू नकोस. त्या सरांशी मी नंतर बोलले, माणूस वाईट नाही, त्यांना खरंच वाटत होतं की तू सोळाचा आहेस. एवढा उंच झालायस ना.

आजीला जास्त त्रास देऊ नकोस आणि अंगणात टेनिस बॉलने जे फास्ट टाकतोस तेही मोजण्यात धर, हसू नकोस, खांदा आणि पाठ तीच आहे.

तू बॅटिंग ॲव्हरेज विचारलं होतंस, काढलं. नऊ इनिंग, दोनदा नॉट आऊट, १२४ रन, म्हणजे सातने भागायचे, १७.७१. आठव्या नंबरवर येऊन वाईट नाही. अंडर-१५ च्या यादीत तू चौथा आहेस आणि तुमचा ओपनर, जो स्वतःला कोण समजतो, तो तुझ्याखाली आहे. हे त्याला सांगू नकोस, रिपोर्ट निघाला की कळेलच.

तुझी,
आई