पेट्रोलच्या कॉकचीही गोष्ट छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या राजेशाही मोटारींवरचा लेख वाचला. फोटो झकास होते. मजकूर मात्र नेहमीचाच: चांदीच्या मुठी, मखमली गाद्या, आणि कुणा महाराजांनी रागाच्या भरात रोल्स-रॉइस कचऱ्याला जुंपल्याची ती आख्यायिका. (हाच किस्सा मी आजवर तीन-चार संस्थानांच्या नावावर ऐकला आहे.) या गाडीचं नाव झालं कशामुळे, यावर एक ओळही नाही.

मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. हातात मायक्रोमीटर आणि पुढ्यात पिनांचा ट्रे, हेच आयुष्य. त्यामुळे मला गादीपेक्षा कॉकची, म्हणजे पेट्रोल चालू-बंद करणाऱ्या तोटीची, गोष्ट जास्त आवडते.

१९०७ साली रोल्स-रॉइस कंपनीने आपली ४०/५० अश्वशक्तीची गाडी, तीच ती ‘सिल्व्हर घोस्ट’, १५,००० मैल पळवून दाखवली. बहुतेक सगळं लंडन-ग्लासगो जा-ये, रात्रंदिवस, आणि देखरेखीला रॉयल ऑटोमोबाइल क्लबचे निरीक्षक. ६२९ मैलांवर गाडी बंद पडली. कारण काय, तर हादऱ्यांनी पेट्रोलचा कॉक आपसूक फिरून मिटला होता. मिनिटभराचं काम. तो उघडला आणि उरलेले १४,३७१ मैल बिघाड म्हणून ती थांबली नाही. रविवारी सुटी असे आणि टायरचं पंक्चर बिघाडात धरत नसत, हेही सांगायला हवं. १४,३७१ हा आकडा सगळे कौतुकाने सांगतात. तो १५,००० मधून ६२९ वजा करून आलेला आहे, हे कोणी सांगत नाही.

नंतर गाडी पूर्ण खोलून झीज मोजली. पुन्हा नव्यासारखी करायला लागणाऱ्या सुट्या भागांचा खर्च निघाला २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. इंजिनातली बेअरिंगं, गिअर वगैरे मापात होते. झीज होती ती स्टिअरिंगच्या पिनांसारख्या किरकोळ जागी. हे सगळं, कॉकसकट, लोकांपुढे मांडलं गेलं. आमच्याकडे गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल मागच्या दाराने आत यायचा, रजिस्टरात नोंद नको म्हणून! म्हणून मला त्या कॉकचं अप्रूप.

त्या आधी याच कंपनीच्या ३० अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरच्या गाडीने तिचे इंजिनिअर आणि कंपनीचे एक संस्थापक रॉइस साहेब यांना चांगलाच घाम फोडला होता. सहा सिलिंडरचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, लांब. प्रत्येक धक्क्याला त्याला पीळ पडतो आणि सुटतो, आणि एका ठराविक वेगाला हा पीळ धक्क्यांच्या तालात सापडला की शाफ्टच तुटतो. ४०/५० मध्ये त्यांनी तीन-तीन सिलिंडरचे दोन ठोकळे केले, शाफ्ट जाड करून त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि तेल दाबाने आत पोहोचवलं. तरी १९१२ मध्ये आल्प्सच्या चाचणीत जेम्स रॅडली यांची ४०/५० गाडी काट्शबर्गच्या चढावर अडलीच, कारण गिअर तीनच. पुढच्या वर्षी कंपनी चार गिअरच्या गाड्या घेऊन तिथेच परत गेली.

आता आपल्या घरची गोष्ट. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली होती, सुमारे ६२० मैलांची, वाटेत घाटच घाट. ती जिंकली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या सिल्व्हर घोस्टने, आणि ती गाडी पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी विकत घेतली. संस्थानिकांच्या हौसेवर दोन पानं लिहिताना ही चाचणी कशी सुटली, याचं मला नवल वाटतं. त्या वेळच्या कच्च्या रस्त्यांवर, घाटातल्या वळणांवर गाड्यांचं पाणी उकळलं असेल, स्प्रिंगांच्या पट्ट्या तुटल्या असतील. नक्की कोणाचं काय मोडलं, हे वाचायला मला फार आवडेल.

आमच्या भागात अजून जुन्या वाड्यांतून ट्रंका आहेत. आपण पुरवणीत चार ओळींचं आवाहन छापलंत, तर त्या चाचणीचा एखादा फोटो किंवा कात्रण कुणाकडे तरी नक्की निघेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त इन्स्पेक्टर, कोल्हापूर